चेक डॅममध्ये नेमकं काय ‘चेक’ होतं?

गावाबाहेरच्या ओढ्यावर कमरेएवढ्या उंचीचा सिमेंटचा बांध असतो. सरकारी कागदावर तो ‘सिमेंट नाला बांध’, पण बोलताना सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सगळे त्याला ‘चेक डॅम’च म्हणतात. आता विचार करा, त्या बांधावर कोण काय चेक करतं? पाण्याचा दर्जा कुणी तपासत नाही, पातळी कुणी नोंदवत नाही. पावसाचं पाणी धावत येतं, बांधाशी अडतं, थोडं जिरतं, उरलेलं वरून निघून जातं. काम एवढंच.

आणि ‘चेक’ या शब्दाचा जुना अर्थही एवढाच आहे : अडवणं. ‘तपासणं’ हा अर्थ त्याला बराच नंतर चिकटला, आणि मग तो इतका फोफावला की मूळ अर्थ आपल्याला दिसेनासा झाला.

इंग्रजीची अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या तोंडातही हा शब्द दिवसातून अनेकदा येतो. चेक वटतो किंवा परत येतो. शर्ट चेक्सचा असतो. दवाखान्यात चेकअप, विमानतळावर चेक-इन, हायवेला चेकनाका, लोकलमध्ये तिकीट चेकर, बुद्धिबळाच्या पटावर चेक आणि चेकमेट. बँक, कापड, आरोग्य, प्रवास, खेळ यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण हे सगळे एकाच घरातले आहेत. त्यांचा मूळपुरुष एक राजा आहे, आणि तो इराणी आहे.

राजाच्या नावाने हाक

फारसीत राजाला ‘शाह’. शब्द फार जुना. इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहू (इंग्रजीतला डरायस) याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरून ठेवला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. त्याच शब्दाचं झिजलेलं रूप म्हणजे ‘शाह’. संस्कृतातला ‘क्षत्र’ म्हणजे सत्ता, हा त्याचा भाऊबंद. ‘क्षत्रप’ही त्याच कुळातला, म्हणजे ज्या नहपानाच्या जावयाचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत, त्याची पदवी. (‘छत्रपती’ मात्र यात ओढू नका. तो शब्द छत्रावरून आलाय.)

बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंगाचा खेळ आपल्याकडून इराणात गेला. तिथे तो ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला, आणि अरबीत ‘च’ नाही, ‘ग’ही नाही, म्हणून त्याचा ‘शतरंज’ झाला. या खेळात एक शिष्टाचार होता. समोरच्याच्या राजावर चाल करून गेलात, तर तसं तोंडाने सांगायचं. खेळाडू म्हणायचा, ‘शाह!’ म्हणजे बाबा, तुझा राजा सांभाळ. आणि राजाला कुठेच जागा उरली नाही, की ‘शाह मात’.

या ‘मात’वरून जुना वाद आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’, त्यामुळे ‘राजा मेला’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. फारसीत मात्र ‘मात’ म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला. अभ्यासकांचा कल या दुसऱ्या अर्थाकडे आहे, आणि मला तोच पटतो. कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीरसुद्धा मरतो. राजा फक्त कोंडला जातो, आणि डाव तिथेच संपतो. इंग्रजी ‘चेकमेट’मधला ‘मेट’ हा तोच ‘मात’. दोस्ताला ‘मेट’ म्हणतात त्याच्याशी त्याचं काही नातं नाही.

हे सगळं वाचताना मराठी माणसाला ओळखीचं वाटायला हवं, कारण ‘शह’ आणि ‘मात’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे थेट फारसीतून आलेत. बहमनी, आदिलशाही, निजामशाहीच्या काळात फारसी ही दरबाराची भाषा होती. शिवाय आपण त्यावर घरचं कलमही केलं. ‘शह’ला आपली ‘काट’ जोडून ‘काटशह’ तयार केला, आणि आज शह-काटशहाशिवाय एकही राजकीय बातमी पूर्ण होत नाही. ‘शाह’पासून ‘शाही’ हा प्रत्यय घेतला आणि तो हुकूमशाहीला लावला, नोकरशाहीला लावला, अगदी लोकशाहीलाही लावला. राजाला घालवून जी आणली, तिच्या नावात राजा बसलेलाच आहे.

म्हणजे एकच शब्द आपल्याकडे दोनदा आला. एकदा जमिनीवरून, घोडेस्वारांबरोबर, ‘शह’ होऊन. पुन्हा काही शतकांनी समुद्रावरून, इंग्रजांच्या गलबतांतून, ‘चेक’ होऊन.

‘शाह’चा ‘चेक’ कसा झाला

अरबांबरोबर हा खेळ स्पेनमध्ये आणि पुढे युरोपभर पोचला. लॅटिन लिहिणाऱ्यांना ‘श’ झेपेना, शेवटचा ‘ह’ही झेपेना. त्यांनी ‘शाह’चं ‘स्काकुस’ केलं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं. ‘एशेक’चं अनेकवचन इंग्रजीत येताना पुढचा स्वर गळून ‘चेस’ झालं, आणि एकवचन ‘चेक’ झालं. थोडक्यात, इंग्रजीत खेळाचं नाव आणि त्या खेळात द्यायचा इशारा हा मुळात एकच शब्द आहे. एक राजा म्हणजे चेक, अनेक राजे म्हणजे चेस.

स्पेनमध्ये आणखी मजा आहे. तिथे खेळाचं नाव ‘अखेद्रेस’, पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेस’. दोन्ही आलेत ‘शतरंज’वरून, म्हणजे शेवटी आपल्या ‘चतुरंग’वरून. पण राजाला शह देताना स्पॅनिश खेळाडू म्हणतो ‘खाके’, आणि तो आहे ‘शाह’. खेळाचं नाव संस्कृत, इशारा फारसी.

आता इंग्रजीत या इशाऱ्याचं काय झालं ते पाहू. तुमच्या राजाला शह बसला, की तुमची स्वतःची योजना, मग ती कितीही सुंदर असो, तिथल्या तिथे थांबते. पुढची चाल तुमच्या मर्जीची राहत नाही. आधी राजा सोडवायचा, मग बाकीचं. चौदाव्या शतकात इंग्रज लोक ‘चेक’ हा शब्द पटाबाहेरही याच भावनेने वापरू लागले. धावत्या गोष्टीला अचानक बसलेली खीळ म्हणजे चेक. शिकारी कुत्र्यांचा वास सुटला आणि ती गोंधळून थबकली, की त्यालाही चेक म्हणत. मग अर्थ थोडा सैल झाला : पूर्ण थांबवणं नाही, पण लगाम ठेवणं. आवाक्यात ठेवणं.

हा जुना अर्थ आज सर्वांत टिकून आहे तो कारागिरांकडे. चेक नट पाहा. मुख्य नट सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर दुसरा आवळतात तो. तो काहीच तपासत नाही, नुसता अडवून धरतो. चेक व्हॉल्व्ह, ज्याला पंपवाले एनआरव्ही म्हणतात, तो वर चढवलेलं पाणी उलट खाली येऊ देत नाही. दार धाडकन आपटू नये म्हणून वर बसवतात ते डोअर चेक. रेल्वेच्या तीव्र वळणावर आणि फाटकात मुख्य रुळाच्या आतल्या बाजूला आणखी एक रूळ दिसतो, तो चेक रेल. चाकाची कड त्याला टेकते आणि चाक भरकटत नाही. चेक डॅम याच रांगेतला.

राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं ‘चेक्स अँड बॅलन्सेस’सुद्धा इथलंच. संसद, न्यायालय आणि सरकार यांनी एकमेकांची तपासणी करावी असं त्यात म्हटलेलं नाही. एकाने दुसऱ्याला मोकाट सुटू देऊ नये, असं म्हटलंय. मराठीत ‘नियंत्रण आणि संतुलन’ म्हणतात ते अगदी योग्य आहे.

मग ‘तपासणं’ आलं कुठून? लगाम ठेवायचा तर नजर ठेवावी लागते. हिशेबात कुणी हात मारू नये म्हणून दुसऱ्या कागदाशी ताळा करून पाहावा लागतो. फसवणुकीला आळा घालण्याची क्रिया, म्हणजे पडताळणी, हीच हळूहळू ‘चेक’ झाली. लोकलच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या टीसीला आठवा. तो आधी हात आडवा करून तुम्हाला थांबवतो, मग तिकीट पाहतो. शब्दाचा काही शतकांचा प्रवास तो दोन सेकंदांत करून दाखवतो.

पट, कापड आणि खजिना

इथवर आपण हाकेच्या मागे आलो. पण बुद्धिबळात हाकेइतकाच महत्त्वाचा असतो तो पट, आणि पटाची गोष्ट वेगळीच आहे. मला विचाराल तर जास्त रंजक.

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत, लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाची जमाखर्च कचेरी याच नावाने ओळखली जाऊ लागली. १११०च्या सुमारास तिचा पहिला उल्लेख मिळतो. इंग्रजीत तेच झालं ‘एक्स्चेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला अजूनही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. शब्दशः घ्यायचं तर ‘पटाचे कारभारी’.

नाव का पडलं हे त्याच कचेरीतल्या एका माणसाने लिहून ठेवलंय. रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार होता, आणि ११७०च्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या कचेरीचं काम कसं चालतं हे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडायला घेतलं. तो सांगतो : सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. सोंगट्या खाली घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच पट्टी. वर काळं कापड, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर रेघा. त्या रेघांमधल्या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब करायचा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीस मायकलमसला, जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वसूल घेऊन इथे हजर होत. (आपल्याकडे मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल, नुसतं मानाचं पद. तेव्हाचा शेरीफ म्हणजे जवळजवळ कलेक्टरच.)

हिशेब कसा चाले ते एकदा करूनच पाहू. रकाने उजवीकडून डावीकडे : पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर पौंड, हजार, दहा हजार. समजा शेरीफचं देणं २४७ पौंड आहे. शंभराच्या रकान्यात दोन सोंगट्या, विसाच्या रकान्यात दोन, पौंडाच्या रकान्यात सात. त्याने भरले १६० : खालच्या ओळीत शंभराची एक, विसाच्या तीन. आता वजाबाकी. विसाच्या रकान्यात वर दोनच आहेत आणि काढायच्या तीन. मग शंभराची एक उचलायची आणि तिच्या बदल्यात विसाच्या पाच ठेवायच्या. आता सात झाल्या, त्यातून तीन गेल्या, उरल्या चार. शंभराची राहिलेली एक खालच्या एकाशी कटली. पटावर उरलं काय? विसाच्या चार आणि पौंडाच्या सात, म्हणजे ८७ पौंड. शेरीफची बाकी.

चार विसा आणि सात. आपल्या आज्या अशाच मोजत, त्यामुळे हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. पण रोमन आकड्यांत सीसीएक्सएलव्हीआयआय मधून सीएलएक्स वजा करून पाहा, म्हणजे या पटाची किंमत कळेल. त्या आकड्यांत शून्य नाही, स्थानाला किंमत नाही. पटावर रिकामा रकाना हेच शून्य होतं. शिवाय सगळं उघड्यावर. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपल्या सोंगट्या कुठे गेल्या ते दिसत होतं. फिट्झनील म्हणतो, बुद्धिबळात लढाई दोन राजांची, इथे ती खजिनदार आणि शेरीफ यांची, बाकीचे बघे आणि पंच. त्या शेरीफच्या पोटात काय गोळा येत असेल ते सांगायला नको.

पैसे भरल्याची पावतीही न्यारी. हेझलच्या लाकडाची काठी घ्यायची आणि रकमेनुसार तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीसाठी नुसता चरा. मग काठी उभी चिरायची. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, आखूड खजिन्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवायचे. खाचा जुळल्या नाहीत, तर कुणीतरी लबाडी केली. या काठ्या सहा-सातशे वर्षं चालल्या. शेवटी साठलेल्या जुन्या काठ्यांची विल्हेवाट लावायची म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळल्या, आग हाताबाहेर गेली आणि वेस्टमिन्स्टरची जवळजवळ सगळी संसद भस्मसात झाली.

बँकेतला चेक

आता दोन्ही वाटा एकत्र येतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणत ते पैशांच्या कागदाला नाही, तर त्याच्या मागे राहणाऱ्या स्थळप्रतीला. दिलेला कागद खरा की बनावट, हे त्या स्थळप्रतीशी जुळवून पाहायचं, म्हणून ती चेक. लबाडीला आळा. कल्पना चिरलेल्या काठीचीच, फक्त लाकडाचा कागद झाला. पुढे नाव मागच्या तुकड्यावरून पुढच्या कागदावर सरकलं, आणि बँकेला ‘याला इतके पैसे द्या’ असं सांगणारा कागदच चेक झाला.

अमेरिकेत त्याचं स्पेलिंग साधं राहिलं, बाकीच्या ‘चेक’सारखंच. इंग्लंडमध्ये मात्र ते ‘क्यू-यू-ई’वालं झालं. १८२८ साली जेम्स विल्यम गिलबर्ट या बँकरने तळटीप देऊन सांगितलं, की बहुतेक लोक साधं स्पेलिंग लिहितात, पण मी हे दुसरं घेतो : यात घोटाळा होत नाही, आणि ते एक्स्चेकरशी मिळतंजुळतं आहे. राजाच्या खजिन्याचा थाट बँकेच्या कागदाला आला तो असा. आपला १८८१चा परक्राम्य संलेख कायदा (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) इंग्रजांनीच केलेला, त्यामुळे कलम ६मध्ये चेकची व्याख्या या थाटाच्या स्पेलिंगने आहे. चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ मात्र बरंच नंतरचं, १९८८च्या दुरुस्तीतलं.

मराठीत बोलताना हा फरक पुसून जातो आणि कधीकधी गंमत होते. ‘क्रॉस चेक केलाय का?’ या प्रश्नाचे बँकेत दोन अर्थ निघतात. चेकच्या कोपऱ्यात दोन रेघा मारल्यात का, की रक्कम पुन्हा पडताळून पाहिलीत? कारकुनाच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं.

जुळणाऱ्या जोडीची कल्पना अमेरिकनांनी आणखी ताणली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेल्वेत सामान सोपवलं, की सारख्या क्रमांकाचे पितळी बिल्ले निघत. एक बॅगेला, एक प्रवाशाच्या हातात. त्या बिल्ल्यालाही चेक म्हणत. विमानतळावर आपण बॅग ‘चेक-इन’ करतो तेव्हा एक्स-रे यंत्र डोक्यात असतं, पण शब्द त्या बिल्ल्याचा आहे. बॅगेला लावलेली पट्टी आणि बोर्डिंग पासला चिकटवलेला तिचा तुकडा पाहा, काठीचे दोन तुकडे आठवतील. पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला, तर तिकिटाचा अर्धा तुकडा पुढच्या सामन्याला चाले. तो ‘रेन चेक’.

कापडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पटासारख्या चौकड्या, म्हणून चेक्स. शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळा-पांढरा झेंडा त्यातलाच. फुटपाथवरच्या चेकर्ड टाइल्स आणि एसटीच्या पायरीवर घसरू नये म्हणून ठोकलेली चेकर प्लेट, यांनीही पटावरूनच नाव घेतलं.

राहता राहिला सुरुवातीला न सांगितलेला एक ‘चेक’ : चेक प्रजासत्ताक. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण हा या घरातला नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही निराळं. तरी प्रागमधला कुणी बुद्धिबळाचा पट उघडतो, तेव्हा खेळाला म्हणतो ‘शाखी’, आणि तुमच्या राजावर चाल केली की म्हणतो ‘शाख’. तो मात्र आपला शाहच.